विहिरीवरचा पाहुणा

तिसऱ्या रविवारीही तो माणूस विहिरीवर दिसला, तेव्हा उद्धवरावाने हातातलं खुरपं खाली टाकलं. पांढरा सदरा, बांधाला टेकवलेली सायकल. विहिरीच्या काठाने तो एकेक पाऊल मोजल्यासारखा चालला होता.

"मोजणी दिसतीया," शेजारचा गेनू म्हणाला. "पिंपरीकडं कारखान्यात रानं गेली. आता हिकडं. अन् उपऱ्याचं रान आधी जातं, उद्धवराव."

उपरा. महाळुंग्यात साठ वर्षं काढली तरी पोळ्याला उद्धवरावाच्या घरची बैलं मिरवणुकीत सगळ्यांत मागं. अठराशे शहाण्णवच्या दुष्काळात आजा मालोजी माणदेशातून बायकोला घेऊन आला. पाटलाने दिलेल्या माळावरचे दगड त्याने एकट्याने वेचले, एकट्याने विहीर पाडली. बापाने तिथं ज्वारी पिकवली, उद्धवरावाने कांदा. घरात हीच गोष्ट सांगत आले होते.

"कोण तुमी? काय मोजताय?" उद्धवरावाने हटकलं.

"मोजत न्हाई. मी ज्योतीराम. पिंपरीला बांधकामावर गवंडी हाय." तो जरा थांबला. "माझा आजा सयाजी. तुमच्या मालोजीचा थोरला भाऊ. दोघांनी मिळून ही विहीर खणली. सुरुंगाचा दगड आज्याच्या अंगावर आला, हितंच गेला त्यो. आजी तान्ह्या पोराला घेऊन माहेरी गेली. ती सांगायची ती जागा बघायला येतो."

 मालोजीला भाऊ होता, हे उद्धवरावाने कधी ऐकलं नव्हतं. नवे कायदे, नवे वारस. असे पाहुणे उगाच उगवत नाहीत.

पुढच्याच रविवारी त्याने कागद लिहवून आणला. "तुमचा या जमिनीवर हक्क नाही, एवढंच लिहिलंय. सही करा."

ज्योतीरामने कागद हातातही घेतला नाही. "मी काय मागितलंच न्हाई, मग सोडू काय?" सायकलवर टांग टाकून तो निघून गेला.

"बघा, सही केली न्हाई. म्हंजे वाटा मागणारच," गेनू म्हणाला. उद्धवरावालाही तेच वाटलं. घरी येऊन त्याने आईला, यशोदाबाईला, सगळं सांगितलं. म्हातारी चुलीपुढून उठलीच नाही.

"खरं हाय त्याचं," ती म्हणाली. "सासूबाईंनी मला सांगितलेलं. मामंजींनी भावजयीला वाटा दिला न्हाई. भावाचं नाव काढायचं न्हाई म्हणून घरात ताकीद हुती."

"आन् तू इतकी वर्षं गप?"

"तुझ्या बापानं शपथ घातली हुती. त्यालाबी भ्याच वाटायचं, आज तुला वाटलं तसं."

उद्धवरावाला त्या दिवशी भाकरी गेली नाही. गावाने उपरा म्हटलं म्हणून जन्मभर जळायचं, आणि आपल्या रक्ताच्या माणसाकडं आपणच तसं बघायचं!

पितृपंधरवड्यात तो पिंपरीला गेला. बांधकामाच्या परांचीवर उभा राहून ज्योतीराम विटा रचत होता. याला बघून त्याचं तोंड आवळलं.

"आता कसला कागद?"

"कागद न्हाई. परवा विहिरीवर थोरल्या आज्याच्या नावानं निवदाचं पान ठेवायचंय. तुमच्या हातानं."

"आन् पान ठेवल्यावर काय लिहून मागशीला?"

 विश्वास ठेव म्हणायला उद्धवरावाला तोंड नव्हतं. तो म्हणाला, "विहिरीपल्याडचं अर्धं रान तुमच्या नावावर लावा म्हणून तलाठ्याकडं मी अर्ज दिलाय. जाऊन विचारा, मग या."

ज्योतीराम आधी तलाठ्याकडं गेला. खात्री झाल्यावरच जेवायला आला, तोही बायकोला घरी ठेवून. विहिरीवर पान मात्र त्याने स्वतःच्या हाताने ठेवलं. गेनू बांधावरून बघत होता. उद्धवरावाने त्याला हाक मारली, "गेनूभाऊ, या जेवायला. आमचा भाऊ आलाय."