लेखनिकाचा व्यवसाय

माझ्या उजव्या हाताला चार बोटं नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं एकदाचं बघून होईल आणि मला पुढं बोलता येईल. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. आई म्हणाली, म्हशीला जरा कुट्टी करून टाक. कडब्याच्या पेंडीबरोबर हातही मशीनमध्ये गेला. अंगठा तेवढा राहिला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीब म्हणायचं पोरी, अंगठा तरी राहिला. मला वाटायचं, लईच आवडलं असेल तर घेऊन जा की माझं नशीब.

डाव्या हातानं लिहायला शिकले आणि दुसऱ्या वर्षाचे पेपर तसेच दिले. पाच प्रश्नांपैकी तीन लिहून व्हायचे, तेही मलाच नीट वाचता येत नव्हते. उत्तरं सगळी यायची, हात पुरत नव्हता. तीन विषय गेले. यंदा आणखी गेले तर मी घरी बसणार हे ठरलेलं होतं. कुणी तोंडानं बोललं नाही, पण आई ज्याच्यात्याच्याजवळ माझ्यासाठी स्थळ बघा म्हणायला लागली होती.

अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, हे मला तीन विषय गेल्यावर कळलं. आपण सांगायचं, त्यानं लिहायचं. शिवाय तासाला वीस मिनिटं जादा. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मीच सरकारी परिपत्रकाची झेरॉक्स काढली, चार वेळा वाचली आणि जुलैत अर्ज दिला. लेखनिक आपल्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे आणि त्याचं ओळखपत्र पाहिजे, एवढीच अट. मी माझी चुलतबहीण मोहिनी हिचं नाव घातलं. ती अकरावीला होती आणि तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. तिला मी लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळं माझं अर्धं वाक्य ऐकूनच तिला पुढचं कळतं.

अर्ज घेतला सोमेश्वर सरांनी. ते आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाचे क्लार्क. म्हणाले, "विद्यापीठाला पाठवतो. पत्र आलं की कळवू." ऑगस्टात गेले, सप्टेंबरात गेले. वस्तीवरून शिरूरला कॉलेजात यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. अकरा वेळा गेले. अकराही वेळा ते मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाले, "आलं नाही." एकदाही त्यांनी कपाट उघडलं नाही, एकदाही रजिस्टर बघितलं नाही.

मला घाई का होती, ते सांगते. आमच्याकडं दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे आमच्यात नुसतं हत्यार नाही, जोडी असते. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीवर चढवायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मोहिनीचा बाप, माझा चुलता बंकट, त्याला आम्ही दोघी नानाच म्हणतो. नाना आणि काकू दर साली जायचे. यंदा काकूच्या मणक्यात गॅप निघाला आणि डॉक्टरनं तिला वाकायचं नाही म्हणून सांगितलं. नानाला जोडी उरली नाही. घरात धडधाकट एकच, मोहिनी.

मी नानाच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. नाना म्हणाला, "शिवा, मला पन पोरीला न्ह्यायची हौस न्हाई. कालेजचा कागद आन. त्यात मोहिनीचं नाव दाव. मग मी मुकादमाला सांगून दुसरा गडी लावतो. नुसत्या तोंडी बोलन्यावर मुकादम ऐकत न्हाई." दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कॉलेजात गेलते. सोमेश्वर सर पाटीपूजन करत होते. मला हातानंच नाही म्हणाले आणि पुढ्यात पेढा ठेवला. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मोहिनी नानाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. दिवाळीनंतर शाळेनं सतत गैरहजर म्हणून तिचं नाव कमी केलं.

नोव्हेंबरात हॉल तिकीट आलं. त्याच्यावर लेखनिकाचा शब्द नाही. सोमेश्वर सर म्हणाले, "त्या दिवशी घेऊन ये कुणाला तरी, बघू." बघू म्हणे. जसं काय मी त्यांच्याकडं चहा प्यायला निघाले होते. मी नानाला फोन केला. नानानं मोहिनीला एका पेपरापुरतं सोडलं. ती एस.टी.नं सकाळी सातला शिरूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा मी आधी तिला ओळखलंच नाही. तोंड काळं पडलेलं, उसाच्या पाचटानं दोन्ही हातांवर बारीक बारीक चिरा, तळव्यांना घट्टे. मी तिचे हात बघतेय म्हटल्यावर तिनं ते ओढणीत घातले. "अक्का, लिहिता येतंय गं. काल कोपीवर सराव केलाय," म्हणाली. कोपी म्हणजे ऊसतोडीवरची त्यांची झोपडी.

पेपर दहाचा. आम्ही साडेनऊला ऑफिसात. सोमेश्वर सरांनी लेखनिकाचा फॉर्म पुढं टाकला आणि मोहिनीनं भरला. मी तोवर माझ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स लावत होते. फॉर्म मी बघायला पाहिजे होता. नाव, वय, शिक्षण दहावी पास. खाली एक रकाना होता, लेखनिकाचा व्यवसाय. मोहिनीनं लिहिलं, ऊसतोड. ओळखपत्र जोडायचं होतं, तर तिनं जायच्या वेळी ग्रामपंचायतीनं काढून दिलेलं ऊसतोड कामगाराचं कार्ड जोडलं. कोपीत फोटोवालं तेवढंच तिच्याजवळ होतं, बाकी सगळं घरी पेटीत. जे विचारलं ते तिनं खरं लिहिलं. कागदावर खरं लिहिल्यानं कुणाचं नुकसान होतं, हे आमच्या वस्तीवर कुणाला माहीतच नाही.

सोमेश्वर सरांनी फॉर्म वाचला आणि हसले. "हे काय आणलंस? मजूर? लेखनिक विद्यार्थी लागतो."

"सर, परिपत्रकात तसं कुठं आहे? कमी शिकलेला पाहिजे आणि ओळखपत्र पाहिजे. दोन्ही आहे."

"हे ओळखपत्र?" त्यांनी कार्ड दोन बोटांत धरलं. "उद्या कुणी बैल हाकणारा आणेल."

"सरकारनंच दिलंय ते."

"मला रूल शिकवू नकोस. मागच्या वर्षी लिहिलंस ना डाव्या हातानं? मग आज काय झालं?"

मी काय सांगू, माझ्या डोक्यात नुसती आग झाली. ह्या माणसाला वाटत होतं की मी नखरे करतेय. मला दोन हात असते तर एक टेबलावर आपटला असता आणि दुसऱ्यानं त्यांचा मोबाइल खिडकीतून फेकला असता. पण दहा वाजत आले होते. घंटा झाली. मी मोहिनीला म्हटलं, "तू इथंच थांब, ऑफिसच्या दारात. हलू नको." आणि वर्गात जाऊन डाव्या हातानं लिहायला बसले.

पेपर इतिहासाचा होता आणि सगळे प्रश्न येणारे होते. तेच जास्त जिव्हारी लागलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोक्यात पूर्ण तयार आणि डावा हात एकेक अक्षर काढतोय. वीस मिनिटांत पाऊण पान. मी पेन ठेवलं, उभी राहिले आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "मला लेखनिकाशिवाय लिहायचं नाही. प्राचार्यांना बोलवा. मी उत्तरपत्रिकाही देणार नाही आणि वर्गातूनही जाणार नाही." पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, बस, बाकीच्यांना त्रास होतोय. मी म्हटलं, होऊ द्या, मला दोन वर्षं झाली होतोय.

प्राचार्य विठ्ठलराव आले. माणूस वाईट नाही, पण चौकशीच्या आधीच कंटाळलेला असतो. त्यांनी परिपत्रकाची झेरॉक्स वाचली, चष्मा काढला, परत घातला आणि तिथूनच विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला फोन लावला. नाव सांगितलं, बैठक क्रमांक सांगितला. मग नुसतेच ऐकत राहिले. फोन ठेवून ते दाराकडं वळले आणि तिथं येऊन उभ्या राहिलेल्या सोमेश्वर सरांना हळूच म्हणाले, "अहो, ते म्हणतात परवानगी कधीच पाठवलीय. तुमचं कपाट बघा."

आता कपाट उघडलं. पाच मिनिटं लागली. अकरा वेळा ज्याला हात लावला नाही, त्या कपाटातून पत्र काढायला पाच मिनिटं.

मोहिनीला आत घेतलं तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती. मी प्राचार्यांना म्हटलं, तासाला वीसच्या हिशोबानं माझा एक तास आणि वर ही चाळीस मिनिटं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका सर, लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं.

मग आम्ही दोघींनी पेपर लिहिला. मी सांगायची, ती लिहायची. मी श्वास घ्यायला थांबले की ती ओळ पुरी करून पेन टेकवून तयार. तिचं अक्षर बदललं होतं, मोठं आणि ताठ झालं होतं, कारण बोटं पहिल्यासारखी वाकत नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला तिच्या अंगठ्याजवळची चीर उलली. तिनं ओढणीचं टोक गुंडाळलं आणि लिहीत राहिली. पाचही प्रश्न झाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी उत्तरपत्रिका पुरी भरून दिली. मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही, खोटं कशाला बोलू. ऑफिसच्या दारापर्यंत झाला.

ऑफिसात सह्या करायला बोलावलं. प्राचार्य खुर्चीत बसलेले. म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता उरलेल्या चारही पेपरांना हीच परवानगी चालेल." मी म्हटलं, पत्र बघू द्या. सोमेश्वर सर म्हणाले, ते ऑफिसचं आहे. मी हात पुढं केला, उजवा केला मुद्दाम, आणि तसाच ठेवला. त्यांनी पत्र दिलं.

लेखनिक, कुमारी मोहिनी बंकट, इयत्ता अकरावी, विद्यार्थिनी. परवानगी सर्व पेपरांसाठी. वर तारीख, एकोणीस ऑगस्ट. खाली आमच्याच कॉलेजचा आवकचा शिक्का, पंचवीस ऑगस्ट.

मोहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं एकदा वाचलं. मग बोट ठेवून तारीख परत वाचली. मोबाइल काढून पत्राचा फोटो घेतला आणि नानाला पाठवला. दोन मिनिटांत नानाचा फोन आला. "कागद घावला, नाना," एवढं सांगून तिनं तो माझ्याकडं दिला.

"शिवा, मला वाचता येत न्हाई. पोरगी म्हनती कागद घावला. कवाचा हाय?"

"पंचवीस ऑगस्टला कॉलेजात आलाय, नाना."

मागं गाडी भरायचा गलका चालू होता. नाना म्हणाला, "म्हंजी दसऱ्याच्या आदी."

"हो."

"साहेबाला दे."

मी स्पीकर लावला आणि फोन सोमेश्वर सरांच्या टेबलावर ठेवला. प्राचार्य समोर होते, त्यामुळं त्यांना उठून जाता येईना.

"राम राम साहेब," नाना म्हणाला. आवाज बिलकूल चढवला नाही. "म्या सांगितलं व्हतं, कागद दावा, पोरगी घरी ठिवतो. माझी पोरगी दीड म्हैना मोळ्या वहातीया. साळंनं तिचं नाव काडलं. कागद कुटं व्हता?"

सोमेश्वर सरांनी माझ्याकडं बघितलं, मग प्राचार्यांकडं.

"फाइलला होता," ते म्हणाले.

"बरं," नाना म्हणाला. "मोहिनी, तू ऱ्हा थितंच. पेपर सपूस्तर अक्काला सोडू नको. मी अर्ध्या कोयत्यावर भागवतो." आणि फोन ठेवला.

मी त्या वेळी रडले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांना माझ्याकडं बघून सुटल्यासारखं वाटलं असतं. मी रडले नाही. मी प्राचार्यांना म्हटलं, हिचं नाव शाळेत परत घालायचं पत्र तुम्ही लिहायचं, कारण खरं घालायचं आणि ते आज लिहायचं. त्यांनी मान हलवली आणि कागद पुढं ओढला.

सोमेश्वर सरांना तेवढ्यात फाइल नीट करायची आठवण झाली. सकाळचा फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं आणि मोहिनीला समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे व्यवसायाचं खोडून विद्यार्थिनी करू. पत्राशी जुळायला पाहिजे ना. इथं सही कर."

मोहिनीनं चिरलेला हात त्या रकान्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली. "तुमीच लावलंय मला त्या कामाला."

तो फॉर्म तसाच फाइलला आहे.