डावीकडचं कुंपण

मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. घरातली आई मला आजही रिमोट म्हणते आणि मीही आता ते मनाला लावून घेत नाही. माझ्या पाठीवरचा रंग तळव्यांनी खाल्ला आहे. उजवीकडचं एक बटण दाबलं की रुसल्यासारखं उशिरा वर येतं. डाव्या अंगठ्याखालची माझी दांडी तर कोणी हात लावला नाही तरी आपसूक डावीकडे कलते. पण मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला किळस आली आहे आणि ती बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. तिथे एका बाईने माझं प्रत्येक बटण दहा दहा वेळा दाबून पाहिलं. आत काही सुटं वाजत नाही ना, म्हणून मला कानाशी धरून हलवलं. मग हळूच म्हणाली, "गुणी आहेस." माझ्यामागून माझा जुळा भाऊ आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. आमच्या खोक्यावर कंपनीचं नाव हातभर होतं. त्या बाईचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हा मी कोरा होतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही दोघे जुळे एका घरी आलो. तिथे एक ताई होती आणि तिचा धाकटा भाऊ. तो तेव्हा गुबगुबीत होता, म्हणून त्याचं नाव पडलं ढब्बू. त्यांच्याकडे एकच गेम होता, एका डिस्कवरचा. एक तळं, तळ्याकाठी मोकळी जमीन, आणि तिथे आपलं आपण गाव वसवायचं. ना मारामारी, ना शर्यत. ताई झाडं लावायची, ढब्बू विहिरी खणायचा, दोन घरांसाठी अकरा विहिरी. एकाच पडद्यावर दोन छोटी माणसं भांडत भांडत नांदायची.

मी ढब्बूच्या वाट्याला आलो होतो. त्याच्या अंगठ्यात जोर फार. वर्षभरात माझी दांडी सैल झाली आणि डावीकडे ओढायला लागली. ढब्बू पाणी प्यायला उठला की त्याचा पडद्यावरचा माणूस आपोआप चालू लागायचा, डावीकडे, थेट तळ्यात.

"ताई, मी बुडालो!" तो स्वयंपाकघरातून ओरडायचा.

"बुड. पुन्हा काढणार नाही," ताई म्हणायची आणि काढायची.

शेवटी एके दिवशी ताईने तळ्याच्या काठाने लाकडी कुंपण घातलं. वाकडंतिकडं, नवशिक्या हाताचं. त्यानंतर ढब्बूचा माणूस चालत जायचा आणि कुंपणाला टेकून उभा राहायचा.

वर्षं गेली. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली. ढब्बू लिफ्ट दुरुस्त करायला शिकला आणि त्याला दूरच्या गावी काम मिळालं. जाताना ताईने त्याच्या पिशवीत माझा जुळा भाऊ ठेवला, न ओढणारा, धडधाकट. मला तिने स्वतःकडे ठेवलं. काही लोक प्रेम करतात ते असं, बोलत नाहीत.

त्याच सुमारास कंपनीने दवंडी पिटली. जुनी डिस्क दुकानात परत द्या, डिस्कशिवाय चालणारा नवा गेम घ्या. तुमचं गाव आमच्या मोठ्या यंत्रांत सुखरूप राहील, दूर असलेली माणसंही एकत्र खेळू शकतील. शिवाय तुमच्या माणसाला एक सोनेरी छत्री भेट! खाली हातभर लांब अटी होत्या. ताईने त्या वाचल्या नाहीत. माझ्याच बटणाने तिने "मला मान्य आहे" दाबलं. त्या बटणाची मला आजही लाज वाटते.

ढब्बू निघायच्या आदल्या दिवशी ताईने डिस्क परत द्यायला त्यालाच पिटाळलं. दुकानदाराने डबी न उघडताच टोपलीत फेकली. जुनं यंत्र कपाटावर गेलं, नवं आलं. तसंच एक ढब्बूने तिकडे घेतलं. मी जुना असूनही त्याला चाललो.

दर रविवारी दुपारी बहीणभाऊ गावात भेटू लागले, खेळता खेळता एकमेकांचा आवाजही ऐकू यायचा. फोनवर त्यांचं तीन वाक्यांत आटपायचं. "जेवलास?" "हो." "मग, बाकी?" बाकी काही नाही. पण हातांना काम असलं की दोघांची तोंडं उघडत. झाडांना पाणी घालता घालता ढब्बूने तिला सांगितलं, की एकदा लिफ्टच्या खड्ड्यात तो चार तास अडकला होता आणि भीतीने रडला होता. ताईने सांगितलं, की तिला आताशा जवळचं धूसर दिसतं आणि दुकानात ती ते लपवते. मी तिच्या तळव्यांच्या मधोमध सगळं ऐकत होतो. तिचा अंगठा मला सदा थोडा उजवीकडे दाबून धरायचा, मी ओढू नये म्हणून.

आणि मग, मित्रांनो, सडायला सुरुवात झाली.

आधी विहिरी आटल्या. पाणी हवं असेल तर रोज हजेरी लावा, नाहीतर विकत घ्या. मग आल्या नशीबपेट्या. बंद पेटी विकत घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. बहुतेक वेळा आत रंगीत मोजे. पेटीला गोड डोळे काढलेले, लहान पोरांना हात लावावासा वाटेल असे. मला शिसारी आली. जुगार तो जुगार, त्याला डोळे काढले म्हणून काय तो बाहुला होतो?

ताई रोज सकाळी दूध तापेपर्यंत गेमच्या बातम्या वाचायची आणि दुधाआधी स्वतःच उतू जायची.

"बघ आई, अर्धाकच्चा गेम विकला आणि म्हणतात, उरलेला पुढच्या वर्षी देतो. उद्या मी चष्म्याला एकच काच बसवून दिली तर? दुसरी नंतर घेऊन जा म्हणाले तर?"

"गिऱ्हाईक ती एक काच तुझ्याच डोक्यात घालेल," आई म्हणायची.

"आणि हे ऐक. ज्यांनी आमचं गाव बनवलं, त्या सगळ्यांना कामावरून काढलं. त्याच पानावर साहेब हसतोय. म्हणतो, हे आमचं सर्वांत यशस्वी वर्ष. शी! हसताना दात तरी लपवावेत माणसाने."

"चाळीस वर्षांची घोडी झालीस, रिमोटच्या बातम्या कसल्या वाचतेस!"

मला मात्र त्या लांब टेबलावरची बाई आठवली. तिलाही असंच पत्र गेलं असेल का?

मग आम्हालाही पत्र आलं. "आमच्या लाडक्या कुटुंबीयांनो," अशी सुरुवात. ज्याने कधी तोंड दाखवलं नाही तो कुटुंब म्हणाला, की समजावं आता घराबाहेर काढणार. महिनाअखेरीच्या रविवारी दुपारी चार वाजता गाव कायमचं बंद. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं म्हणे.

त्या रविवारी दोघे कुंपणाशी उभे राहिले. चारला एक मिनिट कमी असताना ढब्बू म्हणाला, "ताई, आता आपण रविवारी कुठे बोलायचं गं?" ताई उत्तर देणार तोच पडदा पांढरा झाला. पांढऱ्यावर लगेच नवी जाहिरात उगवली. तेच गाव, नव्या रंगात, लवकरच. आजच नाव नोंदवा, सोनेरी छत्री मोफत!

प्रेताच्या उशाशी बसून बारशाची पत्रिका वाटावी, तसं ते होतं. ताईने मला गादीवर आपटलं. मला दुखलं नाही. मला वाटलं, आणखी जोरात आपट.

बोटांनी पेरलं, बोटांनी राखलं,
एका चिठ्ठीने सारं पुसून टाकलं.

पुढच्या रविवारी फोन झाला. "जेवलास?" "हो." "मग, बाकी?" फोन खाली ठेवून ताई पडदा बंद ठेवून समोर बसून राहिली. आईने ते पाहिलं. तिने काय केलं ते मला नंतर कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी दारात ढब्बू उभा होता, हातात पिशवी, पिशवीत माझा जुळा भाऊ.

"आई म्हणाली, कपाटावरचं जुनं यंत्र भंगारात द्यायचंय, येऊन काढ," तो म्हणाला.

"ते काढायला नऊ तासांचा प्रवास?" ताई म्हणाली.

"आई म्हणाली," तो पुन्हा म्हणाला. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती.

यंत्र खाली आलं. भंगारात द्यायचं तरी आधी चालू करून पाहायची मेकॅनिकची खोड. ढब्बूने वायर जोडली आणि बटण दाबलं. यंत्र खोकलं आणि त्याचा कप्पा हळूहळू बाहेर आला.

आत डिस्क होती.

दोघे बघतच राहिले. खेळणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, मित्रांनो. डिस्क यंत्रात विसरायची आणि डबी रिकामीच मिरवायची. "म्हणजे मी दुकानदाराला रिकामी डबी देऊन आलो?" ढब्बू म्हणाला आणि हसता हसता खाली बसला.

कप्पा आत गेला. कोणाची परवानगी नाही, अटी नाहीत, पत्र नाही. तळं आलं. दोन घरं आणि अकरा विहिरी आल्या, काठोकाठ भरलेल्या. मागच्या अकरा वर्षांत लावलेली झाडं नव्हती, ती गेली ती गेलीच. छत्रीही नव्हती. तिची कोणाला आठवणही झाली नाही.

ढब्बूने सवयीने मला उचललं. इतक्या वर्षांनी त्याचा तो जोरकस अंगठा! त्याचा माणूस लगेच डावीकडे चालू लागला.

"अगं, हा अजून ओढतो? दोन मिनिटांचं काम आहे. इतकी वर्षं दुरुस्त का नाही करून घेतलास?"

"कुंपण होतं ना," ताई म्हणाली.

त्याने मला मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "डोळे दाखवलेस का कुणाला?"

मित्रांनो, ज्यांनी नुसतं पत्र पाठवून गाव पुसलं, त्यांची मला किळस येते आणि ती कमी होणार नाही. तुम्ही "मला मान्य आहे" दाबण्याआधी थोडं थांबा. जे हातात धरता येतं ते भेटीच्या छत्रीसाठी देऊन टाकू नका. मोडकं म्हणून टाकण्याआधी पाहा, त्याच्यासाठी कुणी कुंपण घातलं आहे का.

पडद्यावर ढब्बूचा माणूस चालत चालत कुंपणापाशी पोहोचला आणि टेकून उभा राहिला. मला कोणी हात लावलेला नव्हता. ते दोघे बोलत होते.