चौकटीवरची टकटक

नक्षीकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने सकाळपासून वखारीतली निम्मी लाकडं बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली होती. या फळीला गाठ, ती अजून ओली, पलीकडची नुसतीच बद्द वाजणारी. सोनं घेतानासुद्धा माणूस इतका नखरा करत नाही! बायको ओंडक्यावर बसून पार कंटाळली होती. अखेर एक फळी खणखणीत वाजली आणि म्हाताऱ्याची कळी खुलली.

"हिच्यावर पटाशी लोण्यात फिरावी तशी फिरेल!"

"हेच खूळ डोक्यात घेऊन पहिल्यांदा आमच्या घरी आला होतात," बायको म्हणाली. "आत यायचं सोडून दाराची चौकट ठोकत उभे! बाबांनी तीनदा दार उघडलं, तर म्हणे, जरा लावून घ्या, नीट ऐकू येत नाही."

"मग? चौकट पोकळच निघाली ना! आतून वाळवी. म्हटलं, या घरातून न्यायची तर मुलगीच न्यावी."

बायकोने हसू दाबत फळीचं दुसरं टोक उचललं.

"चुकलं बाबांचंच. दार तीनदा उघडलं, पण जावई काही वाजवून घेतला नाही."