आंब्याखालची रानहळद

आमच्या अंगणात आंबा होता आणि आंब्याखाली काही म्हणजे काही उगवत नव्हतं. देवळाली कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांसारखी हिरवळ करायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला त्यात काय अवघड, असं म्हणून मी दोनदा लॉन लावलं. दोन्हीदा ते सावलीत सडलं.

या हट्टाचं खरं कारण वेगळंच होतं. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही त्या कॉलनीत घर घेतलं. शेजारच्या पिंगळे वहिनी कुंपणापलीकडून तासभर गप्पा मारत, पण आत येत नसत. चहाला बोलावलं की नेमकं त्यांचं दूध उतू जायचं. आमच्या पुढच्या खोलीतली बुद्धाची तसबीर कुंपणावरूनही दिसे. माझ्या बायकोला, सुमनला, यातलं सगळं पहिल्याच आठवड्यात कळलं आणि लागलंही. मी मात्र दोष उजाड अंगणावर ढकलला. बाग छान झाली की येतील, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं.

पेठ तालुक्यात दौऱ्यावर गेलो असताना दाट झाडांच्या सावलीत रानहळद जमीन झाकून बसलेली दिसली. पिशवीभर कंद आणून आंब्याखाली लावले. पावसाळाभर तिथं हिरवंगार होतं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून सगळं नाहीसं झालं, तेव्हा माझं जेवणावरून मन उडालं.

"माणूस गेल्यासारखं काय करता?" सुमन म्हणाली.

जूनमध्ये तीच हळद दुप्पट होऊन वर आली. श्रेय अर्थात मी घेतलं.

भाद्रपदात तिला गुलाबी तुरे आले आणि गौरी यायच्या दिवशी पिंगळे वहिनी फाटक उघडून चक्क आत आल्या. त्यांना गौरीसाठी फुललेली हळद मुळासकट हवी होती. मला आकाश ठेंगणं झालं. कंदांवर व्याख्यान देत मी खुरपं चालवू लागलो. सुमननं चहा आणला.

"आज नको हो, सणाची घाई आहे," वहिनी म्हणाल्या.

"घाई असतेच सणाची," मीही री ओढली.

सुमननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "वहिनी, आमच्या मातीतली हळद तुमच्या गौरीला चालते. मग माझ्या हातचा चहा तुम्हाला का चालत नाही?"

मी खुरपं धरून तसाच उकिडवा बसून राहिलो. वहिनींनी हातातल्या ओल्या कंदांकडे पाहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि पायरीवर बसून कप उचलला. माझ्या बागेकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

"साखर जास्त झालीय," वहिनी म्हणाल्या.

"उद्या कमी घालते," सुमन म्हणाली.