मैदानावर नसलेला आवाज

हरेश्वरचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. धक्क्यावर बर्फाची लादी घेतली तरी ती आतून पोकळ नाही ना, हे तो ठोकून बघायचा. मासळीचा लिलाव झाला की व्यापाऱ्याच्या काट्याखाली वाकून बघायचा. थळच्या कोळीवाड्यात त्याच्या या स्वभावाला सगळे हसत आणि खरेदीला जाताना त्यालाच सोबत नेत. त्यामुळे ‘मैदानवाणी’वर पहिला संशय त्याने घेतला, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मैदानवाणी ही फोनवरची सेवा. मुंबईत मुलींची फुटबॉल लीग चालू होती, पण तिचे सामने टीव्हीवर कुठेच दिसत नसत. पैसे भरले की या मैदानवाणीवर मराठीतून धावतं समालोचन ऐकायला मिळे, तेवढीच सोय. कोळीवाड्यातल्या बऱ्याच घरांनी पैसे भरले होते, ते एका पोरीसाठी. हरेश्वरची लेक भाविका त्या लीगमधल्या एका क्लबकडून डाव्या बगलेला खेळायची. शाळेत असताना ओहोटीच्या ओल्या वाळूवर मुलांबरोबर खेळून तयार झालेली पोर. आता ती मुंबईतच क्लबच्या मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती.

रविवारी दुपारी शिवदासच्या बर्फाच्या शेडमध्ये सगळे जमत. शिवदास हरेश्वरचा चुलतभाऊ. त्याने फोनला मोठा स्पीकर जोडला होता. पण ऐकणं कमी आणि शिव्या जास्त, असं व्हायचं. कॉर्नर मिळाला की मध्येच पंख्याची जाहिरात सुरू व्हायची. गोल होणार असं वाटत असतानाच आवाज अडकायचा, आणि परत यायचा तेव्हा दोन्ही संघ मधल्या रेषेवर उभे असायचे. तक्रार केली की उत्तर यायचं, ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ शिवदास म्हणायचा, मोलाचं असणारच, मोल आपणच भरतोय.

हरेश्वरला मात्र वेगळंच काही खटकत होतं. समालोचकाच्या मागून प्रेक्षकांचा गलका ऐकू येई, आणि त्या गलक्यात कुणीतरी शिट्टी मारी. दोन आखूड, एक लांब, आणि लगेच एक लहान मूल रडे. पुढच्या रविवारी मैदान दुसरं, संघ दुसरा, तरी तीच शिट्टी आणि तेच मूल. त्याने शेडमध्ये ही गोष्ट काढली. पुढच्या सामन्याला सगळ्यांनी कान लावले, आणि शिट्टी आली. मग मूल रडलं.

त्या दिवसापासून शेडमध्ये कुणाचाच कशावर विश्वास राहिला नाही. कुणी म्हणालं, हा माणूस मैदानावर जातच नाही. कुणी म्हणालं, माणूसच नाही, यंत्र आहे. एकाला तर सामनेच होत नसल्याचा संशय आला, पण त्याला शिवदासने गप्प केलं, कारण भाविका रोज फोन करत होती.

हे सगळं हरेश्वरची बायको वेणूबाई हिला अजिबात आवडत नव्हतं. ती शेडमध्ये येत नसे. घराच्या ओट्यावर बोंबील निवडत ती एकटीच फोन कानाशी धरून ऐकायची. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, कळत होतं ते लेकीचं नाव. आणि अलीकडे तो आवाज भाविकाचं नाव फार घ्यायचा. भाविकाची धाव, भाविकाचा पास, भाविकाने पुन्हा दोघींना चकवलं. सामना संपला की वेणूबाई तिला फोन करायची, आणि भाविका म्हणायची, हो आई, बरी खेळले.

शेवटी शेडमध्ये ठरलं की कुणीतरी जाऊन बघून यावं. कुणीतरी म्हणजे कोण, हे बोलायची गरजच पडली नाही.

हरेश्वरने लेकीला कळवलं नाही. कळवलं तर ती क्लबात बोलेल, क्लब त्या मैदानवाणीवाल्यांना सांगेल आणि तेवढ्यापुरता एक माणूस तिथे आणून बसवतील, असा त्याचा हिशोब. रविवारी सकाळी त्याने मांडव्याहून बोट धरली, भाऊच्या धक्क्याला उतरला आणि विचारत विचारत शिवडीकडच्या त्या मैदानावर पोचला.

मैदान बघून तो मनातून सुखावला. प्रेक्षक म्हणून जेमतेम चार बाकडी भरतील इतकी माणसं होती. समालोचकाचं टेबल नव्हतं, माईक नव्हता, काहीच नव्हतं. तो जाळीमागे एका झाडाच्या सावलीत उभा राहिला आणि फोनची वायर कानात घातली. कानात हजारोंचा गलका चालू होता. थोड्या वेळाने शिट्टीही आली. हरेश्वर स्वतःशीच हसला. चोर सापडला होता.

तेवढ्यात कानातला आवाज चढला. “भाविका! डावीकडून भाविका निघालीय, एकीला मागे टाकलं, काय हा पास!”

हरेश्वरने डावीकडे पाहिलं. पास खरंच झाला होता, थोड्या वेळापूर्वी त्याच्या डोळ्यांसमोर झाला होता. पण तो देणारी पोर सडसडीत, उंच, लांब वेणीची होती. ती भाविका नव्हती. त्याने उजवीकडे पाहिलं, मध्ये पाहिलं, गोलपर्यंत एकेक चेहरा पाहिला. त्याची लेक मैदानात कुठेच नव्हती.

ती त्याला दिसली ती राखीव मुलींच्या बाकड्यावर. उजवा पाय समोरच्या खुर्चीवर सरळ ठेवलेला, गुडघ्याला जाड पट्टा, आणि मान खाली घालून ती फोनवर काहीतरी टाइप करत होती.

तो पट्टा बघून तो आधी जाळीकडे दोन पावलं गेला. मग त्याच्या स्वभावाने उचल खाल्ली. तो बघत राहिला. वेणीवाल्या पोरीने चेंडू अडवला, भाविकाने मान वर करून पाहिलं आणि टाइप केलं. जरा वेळाने कानातला आवाज म्हणाला, भाविकाने चेंडू अडवला. पुन्हा तसंच झालं. हरेश्वरला वाटलं आपली चूक होत असेल. त्याने वायर काढून पुसली, परत घातली आणि पुन्हा पाहिलं. चूक होत नव्हती.

मध्यंतराला तो जाळीला वळसा घालून बाकड्याजवळ गेला. भाविकाने त्याला पाहिलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“बाबा, तू कवा आलास?”

“गुडघ्याला काय झालाय?” हरेश्वरने विचारलं.

ती सांगत गेली. सरावात गुडघा मुरगळून त्यातला अस्थिबंध दुखावला होता. ऑपरेशन नको, पण काही महिने विश्रांती घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मैदानवाणीचा माणूस ठाण्याला कुठल्याशा खोलीत बसून बोलायचा. मैदानावरून त्याला कुणीतरी मेसेज करायचं, त्यावरून तो बाकीचं रंगवायचा. क्लबने ते काम तिला दिलं, नाहीतरी ती बसूनच होती. पहिल्या सामन्याला तिने सगळं बरोबर लिहिलं होतं. पण त्या माणसाच्या तोंडात तिचं नाव बसलेलं. डाव्या बगलेचा पास म्हटल्यावर तो सवयीने बोलून गेला, भाविका. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आई इतकी खूश होती की हिच्या तोंडून खरं निघालंच नाही. पुढच्या सामन्याला तिने स्वतःच स्वतःचं नाव लिहिलं. मग लिहीतच गेली.

“मना का नाय सांगितलास?”

भाविकाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “तूच बोललास ना निघताना, पायाला काय झाला तर बॅग उचलायची नि घरी यायचा. मी घरी आले असते तर परत पाठवला असतास?”

हरेश्वर तसं बोलला होता हे खरं, आणि परत पाठवलं नसतं हेही बहुधा खरं. त्याने विषय बदलला. ती वेणीवाली पोर कोण, म्हणून विचारलं.

भाविका म्हणाली, दिपाली. मुरुडची. माझ्या जागेवर खेळते, चांगली खेळते.

“तिच्या घरची ऐकतात हे?”

भाविका पट्ट्याची कड ओढत राहिली. मग खाली बघत म्हणाली, “तिची आई ऐकते. कृष्णाबाई. पैसे भरून ऐकते. दिपालीला विचारते, तुला खेळवतात की नुसती बसवून ठेवतात.”

हरेश्वर तिच्या शेजारी बाकड्यावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर मुरुडचा एक ओटा आला, तसेच निवडायला घेतलेले बोंबील, तसाच कानाशी धरलेला फोन, आणि त्यातून येणारं नाव दुसऱ्याच बाईच्या लेकीचं. कृष्णाबाईच्या मनात काय काय संशय येत असतील, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

उत्तरार्ध सुरू झाला. तो लेकीशेजारीच बसून राहिला. दिपाली डावीकडून निघाली, गोलच्या तोंडाशी चेंडू टाकला, दुसऱ्या मुलीने तो आत ढकलला. भाविकाची बोटं फोनवर थांबली. मग तिने लिहिलं. थोड्या वेळाने हरेश्वरच्या कानात तो आवाज अडखळला, जणू चुकून आलंय की काय असं वाटून थांबला, आणि मग म्हणाला, “दिपाली! दिपालीच्या पासवर गोल!”

सामन्यानंतर भाविकाने दिपालीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हरेश्वर दूर उभा होता. दिपाली ओरडली नाही की रडली नाही. ऐकून घेतलं, बूट उचलले आणि निघून गेली. ओरडली असती तर बरं, असं हरेश्वरला वाटलं.

परतीच्या बोटीत त्याने बराच विचार केला. शेडमध्ये सांगण्यासारखं त्याच्याकडे भरपूर होतं. समालोचक ठाण्यात बसतो, गलका खोटा, शिट्टी खोटी. तेवढंच सांगितलं असतं तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण अर्धवट वजनाचा काटा त्याने आयुष्यात कुणाचा चालू दिला नव्हता. शेडमध्ये उभं राहून त्याने सगळं सांगितलं, लेकीचंही.

कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. शिवदासने मैदानवाणीला लांबलचक तक्रार लिहिली आणि भाविकाचं नाव त्यात घातलं नाही. उत्तर आलं, आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. वेणूबाई मात्र काही दिवस नवऱ्याशी बोलली नाही, जणू खोटं त्यानेच केलं होतं. मग एका सकाळी लेकीला फोन लावून तिने एवढंच विचारलं, गुडघा रात्री दुखतो का. त्याच आठवड्यात भाविकाने मुरुडला कृष्णाबाईला फोन केला. काय बोलणं झालं ते तिने घरी सांगितलं नाही. तिचं खोटं कळल्यावर क्लबने मेसेजचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्या मुलीकडे दिलं.

लोकांनी पैसे भरणं मात्र सोडलं नाही. दुसरं होतंच काय ऐकायला? पण आता प्रत्येक वाक्यावर शेडमध्ये कुणीतरी विचारायचं, हे खरं की ठाण्याचं?

पावसाळा गेला, नवी लीग सुरू झाली, भाविका पुन्हा मैदानात उतरली. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तो आवाज ओरडला, भाविकाचा गोल, डाव्या पायाचा फटका. शेडमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी हरेश्वरकडे पाहिलं. त्याच्याही मनाने उसळी घ्यायची ती घेतली नाही, ते आधी चाचपून बघायला लागलं. सामना संपेपर्यंत तो बसला. मग बाहेर जाऊन त्याने फोन लावला तो लेकीला नाही, दिपालीला. नंबर त्याने शिवदासकरवी मिळवून ठेवला होता, कशासाठी ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

तो अवघडत म्हणाला, पोरी, मी भाविकाचा बाबा. मग त्याने गोलाचं विचारलं.

“हो काका,” दिपाली म्हणाली. “गोल तिचाच. पास माझा होता. पण पायाने नाही मारला, डोक्याने मारला.”

हरेश्वर घरी गेला. वेणूबाई ओट्यावर होती, फोन बाजूला ठेवून त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्याने सांगितलं, खरं आहे, दिपालीनेच सांगितलं, आणि गोल डोक्याने मारला.

“डोक्यानं?” वेणूबाई उठून उभी राहिली. “लागला तर नाय ना तिला?”