पिवळी टेप

कोथरूडच्या हेमाबाई सकाळी सकाळी बिबवेवाडीला दत्तप्रसादच्या गॅरेजवर आल्या, त्या त्याच्या चिठ्ठीसाठी. मुलीला स्थळ बघताना होत नाही एवढी चौकशी पुण्यात जुनी गाडी घेताना होते, आणि दत्तप्रसादने मशीन लावून 'कोड नाही' असं लिहून सही केली की ती चौकशी संपते. गाड्यांचं वायरिंग करण्यातच त्याची पन्नाशी उलटली होती. ते मशीन म्हणजे हातात मावेल एवढा स्कॅनर. स्टिअरिंगखाली जोडला की गाडीचा कॉम्प्युटर आपली दुखणी नंबराने सांगतो. त्या नंबरालाच कोड म्हणायचं.

बाईंनी त्याच्या मुलीला, अपेक्षाला, शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांच्यासमोर तो अजूनही खुर्चीवर बसत नसे.

“अपेक्षा काय म्हणते?”

“शिरवळला कारखान्यात आहे, बाई. रोज गाडीने जाते-येते. दसऱ्याला घेतली तिला.”

“नवी?”

“जुनीच. पण बघून घेतली.” हे तो जरा छाती काढूनच म्हणाला.

समोरची चंदेरी गाडी नऊ वर्षांची होती. बाईंच्या नातीला, ऋचाला, गेल्याच महिन्यात लायसन्स मिळालं होतं आणि गाडी तिच्यासाठीच होती. विकणाऱ्याने दोन तासांसाठी दिली होती. ऋचा ड्रायव्हरच्या सीटवरून उठायला तयार नव्हती.

दत्तप्रसादने तिला किल्ली अर्धी फिरवायला सांगितली. सगळे दिवे लागले. एअरबॅगचा लाल दिवाही लागला आणि शहाण्यासारखा विझला. मग त्याने स्कॅनर जोडला. एकही कोड नव्हता.

“झीरो फॉल्ट्स! आजी, डन. पर्फेक्ट आहे ना काका?”

काका हसले नाहीत. नऊ वर्षांच्या गाडीची एकही तक्रार नाही? सत्तरीचा माणूस 'मला कधी काही झालंच नाही' म्हणाला की डॉक्टरला जास्त घोर लागतो. त्याने खालची ओळ उघडली. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. कोड मिटवल्यापासून गाडी किती धावली ते तिथे लिहिलेलं असतं. नऊ किलोमीटर. कोथरूडपासून इथपर्यंत होतं तेवढंच. आज सकाळी कोणीतरी पाटी स्वच्छ पुसून गाडी बाईंच्या हाती दिली होती.

आता आत बघणं आलं. एअरबॅग चुकून फुटू नये म्हणून त्याने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ जाऊ दिला आणि स्टिअरिंगच्या मधलं झाकण उघडलं. आत घडी घातलेली एअरबॅग असायला हवी. तिथे पोकळी होती. दोन वायरींच्या टोकांना शेंगदाण्याएवढा एक रेझिस्टन्स जोडला होता आणि त्याच्यावर पिवळी टेप होती. तीन वेढे, आणि शेवटचं टोक उलटं दुमडलेलं.

दत्तप्रसादने त्या टोकावर बोट फिरवलं. टोक दुमडायचं त्याला उस्तादाने शिकवलं होतं, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने उकरावं लागत नाही. हे काम त्याच्याच हातचं होतं.

त्याला आठवलं. चार वर्षांपूर्वी हायवेवर याच गाडीचं नाक चेपलं होतं. गाड्यांचे दलाल पोपटशेठ ती घेऊन आले होते. “फुटलेली बॅग काढून टाकलीये, दत्ता. तू फक्त दिवा घालव. बाकी माझं मी बघतो.” रेझिस्टन्स लावला की कॉम्प्युटरला बॅग जागेवर आहे असंच वाटतं. त्याने दिवा घालवला. आपण दिवा घालवतो, विकणारा जाणे नि घेणारा जाणे, असं म्हणून तो रोज गाढ झोपत आला होता.

“घेऊ नका, बाई,” तो म्हणाला.

“कारण?”

“नकोच.”

“दत्तप्रसाद, नुसतं उत्तर लिहिलं की मी गुण देत नसे. पायऱ्या दाखवा.”

झाकण परत बसवून गप्प राहता आलं असतं. पण ऋचा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या छातीसमोर ती पोकळी होती. त्याला स्वतःची किळस आली. त्याने सगळं सांगितलं. टेपसुद्धा दाखवली.

ऋचाने हात उचलून मांडीवर घेतले.

बाईंचा आवाज चढला नाही. “अशा किती केल्यात?”

“मोजल्या नाहीत.”

“आणि हे काम तुम्ही एकटेच करता?”

“नाही. पोपटशेठकडे आणखी दोघं-तिघं आहेत.”

मग बाईंनी विचारलं, “अपेक्षाची गाडी कोणाकडून घेतलीत?”

पोपटशेठ दसऱ्याला स्वतः दारात गाडी घेऊन आले होते. झेंडूचा हार होता, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. बायकोने गाडीला ओवाळलं होतं. पूजा झालेल्या गाडीचे स्क्रू त्याच दिवशी ढिले करतं का कोणी? शिवाय पोपटशेठ म्हणजे घरचाच माणूस. दत्तप्रसादने आपलं रीत म्हणून मशीन लावलं, दिवा लागून विझलेला पाहिला, कोड नाही म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला.

खालची ओळही त्या दिवशी पडद्यावर होती. त्याला ती आता लख्ख आठवली. सहा किलोमीटर. पोपटशेठच्या आवारापासून त्याच्या दारापर्यंत सहाच होतात. लोकांच्या गाड्यांची ती ओळ तो बोट ठेवून वाचायचा.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. अपेक्षा नऊला निघते. त्याने फोन लावला. बऱ्याच रिंग झाल्यावर अपेक्षाने उचलला. मागून ट्रकचा हॉर्न येत होता.

“बाबा, गाडी चालवतेय. बोगदा मागे गेला, उतार लागलाय. पुढे ट्रकच ट्रक आहेत. नंतर करते.”

“अपेक्षा, ऐक, गाडी बाजूला—”

फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली.

हेमाबाईंनी गाडीचं दार उघडलं आणि ऋचाचा हात धरून तिला खाली उतरवलं.