भिंतीवरचा तिसरा आकडा

मी कळंबच्या बंद पडलेल्या प्रसूतिगृहातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणजे आतल्या आतच. माझा पडदा कधीच फुटला, कीबोर्ड उंदरांनी कुरतडला. पण कान शाबूत आहेत, आणि दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची खोड तर पहिल्यापासूनची.

नागपूरच्या एका कॉलेजानं जुने झालो म्हणून आम्हा दोघांना इथं देऊन टाकलं. मी पुढच्या खोलीत, धाकटा मागच्या. दोघंही युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारे, मध्ये काचेच्या तंतूची एक तार. त्या तारेवरच्या बोलण्याला एटीएम म्हणतात. पैसे देणारं यंत्र ते वेगळं. तारेत वाटा असतात, वाटेला नंबर असतो, आणि दोन्ही टोकांना तोच नंबर हातानं भरावा लागतो. एकीकडे चुकला, की सख्खा भाऊही ओळख देत नाही.

आमचे कारकून बापूजी, आता हयात नाहीत. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवत ठेवत त्यांनी नंबर भरला, एकशे एकोणपन्नास. आयपी पत्ता, म्हणजे तारेवरचं माझं ठिकाण, चिठ्ठीवर लिहून माझ्या पाठीवर चिकटवला. आणि हा नंबर? गॅसवाल्याचा, दूधवाल्याचा फोन जिथं लिहायचे तिथंच, दिव्याच्या बटणांशेजारी भिंतीवर, पेन्सिलीनं.

बारा वर्षं मी बाळांच्या नोंदी ठेवल्या. वेळ, वजन, आईचं नाव. मुलगी झाली म्हणून दारातूनच परत फिरलेली सासू मी पाहिली. अब्दुल गनी मिस्त्री मात्र मुलगी झाली तेव्हा सगळ्या वॉर्डात बालुशाही वाटत फिरला, हाताला गाडीचं ऑइल तसंच.

"अरे, हात त धू आधी!" आया मथुराबाई ओरडली होती.

त्याला बावीस वर्षं झाली. तीच मुलगी, नाहिद, आज माझ्यासमोर रडवेली होऊन बसली आहे, बाप गनी शेजारी उभा. नर्सची नोकरी लागलीय, पण उद्या दुपारपर्यंत जन्माची नोंद दाखवायची आहे. गावच्या दप्तरात ती नाही, इथलं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. प्रसूतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव म्हणतात, कॉम्प्युटरमधून नोंद काढा, लगेच दाखला देतो.

नोंद माझ्या पोटात आहे हो! अमिनाबी, मुलगी, पावणेतीन किलो. पण बाहेर पडायला धाकट्याकडं जाणारी ती एकच तार, आणि धाकट्याची डिस्क मध्यंतरी बदलली तेव्हा त्याच्याकडचा नंबर गेला.

नेरहून आलेल्या कॉम्प्युटरवालीनं, निकितानं, कपाळाला हात लावला. "चाचा, कोठी लिहून ठेवला असंन ना नंबर?"

"भिंतीवर होता," अजून इथली झाडलोट करणारी मथुराबाई हळूच म्हणाली. "दिवाळीले मीच चुना मारला. चांगली नीळ टाकून."

"काहून मारला, बाई?" गनी.

"मले काय मालूम, त्या आकड्यात पोरीची नोकरी अडकंन म्हणून!"

म्हातारी उलथणं घेऊन भिंत खरवडायला बसली. एक थर, दुसरा, तिसरा. एक निघाला. मग चार. आणि तिसऱ्या आकड्यासकट प्लास्टरचा पोपडाच खाली आला.

निकितानं धाकट्यावर तिसरा आकडा शून्य धरून सुरुवात केली. एकशे चाळीस. उत्तर नाही. एकशे एक्केचाळीस. नाही. दर वेळी धाकट्याला पुन्हा चालू करायचं, दहा दहा मिनिटं. दुपारपासून लाइन गेलेली, सगळं इन्व्हर्टरवर. माझी डिस्क खरखरायला लागली आहे. एकदा थांबली की ती परत फिरायची नाही, हे माझं मला ठाऊक. नऊपासून का नाही सुरू केलंस गं, बाई!

एकशे सत्तेचाळीस. नाही.

इन्व्हर्टर ओरडायला लागला. गनीनं काटा पाहिला. "दस मिनट चालंन, बेटा. लय झालं त."

"म्हणजे एकदाच होईल," निकिता म्हणाली. "नाहिद, तूच सांग. आठ का नऊ?"

नाहिद उठली. फुटलेल्या पोपड्याच्या खड्ड्यावरून तिनं बोट फिरवलं. मग वळून माझ्याकडं पाहिलं. माझा हिरवा दिवा तेवढा लुकलुकतोय, त्याला आकडे बोलता येत नाहीत.

पोरी, तुझं पहिलं रडणं या भिंतीआडून मीच ऐकलं. वेळ लिहून ठेवली, आजवर सांभाळली. आज तू माझं एवढं ऐक.

नऊ म्हण.